ठसका लागला की ‘वर बघ’ म्हणू नका: गिळण्याचा त्रास ओळखणं, तपासणं आणि सांभाळणं

जेवताना आजोबांना ठसका लागतो. आजी लगबगीने उठतात, त्यांच्या टाळूवर थापट्या मारत म्हणतात, “वर बघा, वर बघा!” तोवर सून पाण्याचा तांब्या घेऊन आलेली असते. घरोघरी हेच चालतं. धडधाकट माणसाचं त्याने काही बिघडत नाही, कारण त्याचा खोकलाच त्याला वाचवतो. पण नुकताच पक्षाघात होऊन गेला असेल, कंपवात असेल किंवा घशाला रेडिएशन झालं असेल, तर मान मागे जाताच श्वासनलिकेचं तोंड जास्त उघडं पडतं आणि वरून ओतलेलं पाणी तिकडेच घसरतं.

मी स्पीच थेरपिस्ट आहे. “म्हणजे तोतरं बोलणाऱ्या मुलांना शिकवता ना?” असं लोक विचारतात. तेही करते. पण माझा निम्मा दिवस गिळण्यावर जातो. बोलायला आणि गिळायला जीभ, ओठ, टाळू आणि घसा हेच लागतात, त्यामुळे एक बिघडलं की दुसरंही पुष्कळदा बिघडतं. नातेवाईक मला हमखास एक वाक्य ऐकवतात: “आम्ही त्यांना सगळं पातळच देतो हो, गिळायला सोपं जावं म्हणून.” नेमकी गफलत इथेच होते.

आधी गिळणं समजून घ्या

गळ्यावरच्या कंठमण्यावर दोन बोटं ठेवा आणि कोरडा आवंढा गिळा. कंठमणी वर उसळून खाली आलेला जाणवेल. त्या जेमतेम एका सेकंदात टाळूचा मागचा मऊ भाग नाकाची वाट बंद करतो, स्वरयंत्र वर-पुढे सरकतं, त्यावरचं झाकण पडतं, स्वरतंतू मिटतात, श्वास थांबतो आणि अन्ननलिकेचं तोंड उघडतं. या कामात तिसाहून अधिक स्नायू गुंतलेले असतात. पुढे सुमारे २५ सेंटिमीटरच्या अन्ननलिकेतून घन घास आठ-दहा सेकंदांत पोटात पोचतो.

आता पाण्याचं बघा. ते जिभेवर थांबत नाही, धावतं. स्वरयंत्राला मिटायला अर्धा सेकंद उशीर झाला तरी पाणी आत शिरलेलं असतं. श्रीखंडासारखा दाट घास सावकाश सरकतो आणि दुबळ्या घशाला तयार व्हायला वेळ देतो. म्हणून पक्षाघातानंतर बहुतेकांना साधं पाणी आणि चहा सगळ्यात अवघड जातात. दाट सगळ्यांनाच सोपं, असंही नाही. जीभ आणि घसा मुळात अशक्त असतील तर दाट घास घशात चिकटून मागे राहतो आणि नंतर श्वासाबरोबर खाली ओढला जातो. त्यामुळे शेजारच्या काकांना जे चाललं, ते तुमच्या काकांना चालेलच असं नाही.

पहिली पायरी: अडतंय कुठे?

दवाखान्यात जायच्या आधी दोन दिवस रुग्णाच्या जेवणाकडे नीट बघा आणि वहीत लिहून ठेवा. “घास अडकतो” एवढ्यावरून डॉक्टरांना फारसं कळत नाही. पुढच्या प्रश्नांची उत्तरं मात्र अर्धं निदान करून देतात.

त्रास गिळायला लागताच होतो की काही सेकंदांनी? घास तोंडातच घोळत राहतो, गिळताच ठसका लागतो, पाणी नाकातून येतं किंवा आवाज घोगरा-ओला होतो, तर गडबड तोंडात किंवा घशात आहे. गिळून झाल्यावर छातीत काहीतरी अडून बसल्यासारखं वाटत असेल, तर संशय अन्ननलिकेवर. एक खबरदारी घ्या. “इथे अडतं” म्हणून रुग्ण गळ्यावर बोट ठेवतो तेव्हा अडथळा खाली छातीतही असू शकतो. उलट छातीवर बोट ठेवलं तर जागा बहुधा खरी निघते.

घन अडतं की पातळ? आधी भाकरी अडायला लागली, मग पोळी, मग मऊ भात आणि आता पेजही, असा काही आठवड्यांतला किंवा महिन्यांतला प्रवास असेल तर अन्ननलिकेची वाट अरुंद होत चालली आहे. त्यात कर्करोगाची शक्यता धरूनच तपासणी करतात. पहिल्यापासून पाणी आणि भाकरी दोन्ही अडत असतील तर अन्ननलिकेच्या हालचालीचा दोष असू शकतो. ॲकॅलेशिया हा त्यातला ठळक आजार. त्यात अन्ननलिकेचं खालचं तोंड सैलच पडत नाही, रात्री आडवं झाल्यावर न पचलेलं अन्न तोंडात येतं आणि कित्येकजण वर्षानुवर्षं ॲसिडिटीच्या गोळ्या खात बसतात.

शेवटचा प्रश्न: जेवताना त्रास नाही, पण एरवी घशात गोळा असल्यासारखं वाटतं? जेवण नीट उतरत असेल, वजन टिकून असेल, तर तो गिळण्याचा आजार बहुधा नसतो. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना एकदा दाखवा आणि मनावरचं ओझं उतरवा.

कारणं: आपल्याकडे काय जास्त दिसतं

पक्षाघात पहिला. झटक्यानंतर पहिल्या काही दिवसांत निम्म्याच्या आसपास रुग्णांचं गिळणं बिघडलेलं असतं. त्यातल्या बऱ्याच जणांचं काही आठवड्यांत सुधारतं, आणि धोका असतो तो नेमका तेवढ्या काळात. कंपवातात आजार हळूहळू सरकतो. लाळ गळते, कारण ती जास्त होते म्हणून नव्हे, तर माणूस आवंढा गिळायचं प्रमाण कमी होतं म्हणून. स्मृतिभ्रंशात घास तोंडात धरून बसणं हेच गिळणं बिघडल्याचं पहिलं लक्षण असू शकतं.

दुसरं मोठं कारण आपल्याच तोंडात आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण सुपारी कुठे गेली? सुपारीने गालाचं आतलं अस्तर ताठ होत जातं आणि तोंड उघडेनासं होतं. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात घालून बघा. ती जात नसतील तर आजच दंतवैद्याकडे जा, कारण या आजारातून कर्करोग होऊ शकतो. तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन झालं की गिळणं पुष्कळदा बिघडतं. रेडिएशनचा ताठरपणा तर काही वर्षांनीही डोकं वर काढतो.

अन्ननलिकेच्या बाजूला जुनी आम्लपित्ताची जखम आणि तिने आलेला आकसलेपणा असतो. मधुमेहात किंवा स्टेरॉइडचा पंप ओढून चूळ न भरणाऱ्यांत बुरशी दिसते. हिमोग्लोबिन फार कमी असलेल्या बायकांच्या अन्ननलिकेच्या वरच्या भागात पातळ पडदा धरतो, म्हणून घास अडण्याची तक्रार घेऊन आलेल्या बाईचं रक्त तपासलं नसेल तर ती तपासणी अपुरीच. आणि गोळ्या! डॉक्सिसायक्लिनची कॅप्सूल किंवा हाडांसाठीची अलेंड्रोनेटची गोळी घोटभर पाण्यावर घेऊन लगेच झोपलं की ती अन्ननलिकेत चिकटून तिथे व्रण पाडते. पाणी नीट गिळता येत असेल तर अशा गोळीबरोबर भरपूर पाणी प्या आणि निदान अर्धा तास बसून राहा.

हे दिसलं तर वाट बघू नका

त्रास दिवसेंदिवस वाढतोय, न सांगता वजन उतरतंय, गिळताना दुखतं, आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला आहे, गळ्यात गाठ लागते, उलटीत रक्त किंवा काळी शी होते, यातलं काहीही असेल तर दुर्बिणीची तपासणी लांबवू नका. वय पन्नाशीपुढे आणि घन घास नव्याने अडायला लागला असेल, तर बाकी काही नसलं तरी जा. जेवणानंतर ताप, धाप आणि गुंगी असेल तर फुफ्फुसात अन्न गेल्याची शंका घ्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. बोलणं अचानक अडखळू लागलं, तोंड वाकडं झालं, हात उचलेना, तर १०८ ला फोन करा. अशा माणसाला गिळणं तपासून होईपर्यंत पाणी नाही, गोळी नाही, साखरही नाही.

तपासणी कशी होते

रुग्ण जागा आहे का, ताठ बसू शकतो का, सांगितल्यावर जोरात खोकू शकतो का, हे मी आधी बघते. मग तोंडात टॉर्च टाकते. गालाच्या आत कालचा भात सापडतो, कवळी सैल असते, जीभ कोरडी ठणठणीत असते. त्यानंतर पहिला चमचा दाटसर पदार्थाचा, मग पाण्याचा, सगळ्यात शेवटी घन. प्रत्येक घासानंतर “आऽऽ म्हणा” सांगते. आवाज गुळण्या केल्यासारखा ओला आला, तर स्वरतंतूंवर काहीतरी साचलंय. काही ठिकाणी न थांबता ९० मिलिलिटर पाणी प्यायला लावून बघतात. ती चाचणी दवाखान्यातच होऊ द्या, घरी हौसेने करू नका.

या तपासणीची मर्यादाही सांगायला हवी. काही रुग्णांच्या श्वासनलिकेत अन्न जातं आणि त्यांना ठसकाच लागत नाही. घशाची जाणीवच गेलेली असते. घरचे म्हणतात, “आता ठसका बंद झाला, बरे झाले,” आणि पंधरा दिवसांनी न्यूमोनिया. हे बाहेरून बघून कळत नाही. त्यासाठी दोन तपासण्या आहेत. एकीत नाकातून बारीक, लवचीक दुर्बीण घशापर्यंत नेतात आणि रंग मिसळलेला घास कुठे जातो ते पडद्यावर बघतात. खाटेवरही करता येते, क्ष-किरण लागत नाहीत. दुसरीत बेरियम मिसळलेलं अन्न गिळतानाचा क्ष-किरणांचा चलपट घेतात. त्यात तोंडापासून अन्ननलिकेपर्यंतचा सगळा प्रवास दिसतो. अन्ननलिकेसाठीची साधी बेरियम तपासणी वेगळी, ती करून आणली म्हणजे घशाची झाली असं समजू नका. घशाच्या या दोन्ही तपासण्यांना जाताना मी घरून डबा आणायला सांगते. रुग्ण रोज मऊभात-आमटी खाणार असेल तर बिस्किटावर परीक्षा घेऊन काय उपयोग?

अन्ननलिकेचा संशय असेल तर पोटविकारतज्ज्ञ दुर्बीण घालतात. त्यात काही सापडलं नाही तर दाब मोजणारी नळी घालून हालचाल तपासतात.

या कामाचा स्पीच थेरपिस्ट भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी झालेला असावा. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. मुंबईत वांद्र्याला १९८३ मध्ये सुरू झालेली अली यावर जंग राष्ट्रीय वाचा-श्रवण संस्था आहे, नायर रुग्णालयात वाचा-श्रवण विभाग आहे, कर्करोगाच्या रुग्णांसाठी टाटा मेमोरियल आहे. गावी असाल तर पुढचा व्यायाम व्हिडिओवर चालतो, पहिली तपासणी मात्र समोरासमोरच हवी.

घरचं जेवण: खरी लढाई इथे

साताऱ्याकडचे एक काका आठवतात. पक्षाघाताला तीन आठवडे झालेले, दोनदा ताप येऊन गेलेला. त्यांच्या घरी जेवणाच्या वेळी गेले. काका खाटेवर उशीला टेकून अर्धवट आडवे, मुलगा शेजारी उभा राहून वरून चमचा देतोय, ताटात पातळ आमटीत तरंगणारा भात आणि समोर टीव्ही. औषध न बदलता आम्ही त्या खोलीतल्या चार गोष्टी बदलल्या.

बैठक आधी. खुर्चीत ताठ, पाय टेकलेले, लुळा हात उशीवर. जेवण झाल्यावरही निदान अर्धा तास तसंच बसायचं. भरवणाऱ्यानेही समोर बसायचं. उभ्याने भरवलं की रुग्ण चमच्याकडे बघायला मान वर करतो, म्हणजे पुन्हा ‘वर बघ’. काकांच्या दुर्बीण तपासणीत हनुवटी किंचित छातीकडे घेतल्यावर घास नीट जाताना दिसला होता, म्हणून ती सवय लावली. काहींना मान लुळ्या बाजूला वळवून फायदा होतो. यातलं काय तुम्हाला लागू, ते तपासणीतच ठरतं.

भांड्याचंही बघा. आपल्याकडे तोंड न लावता वरून पाणी प्यायची सवय असते. ती पूर्ण बंद. उभा स्टीलचा पेलाही अडचणीचा, कारण तो अर्धा रिकामा झाला की कड नाकाला लागते आणि मान मागे जाते. उथळ, रुंद वाटी किंवा चमचा बरा. कागदी कप असेल तर नाकासाठी कडेला अर्धगोल कापा आणि ती बाजू वर धरा.

मग दाटपणा. जगभर यासाठी ० ते ७ अशा पायऱ्यांचं इड्सी नावाचं मोजमाप वापरतात. ‘थोडं दाट’ म्हणजे किती, हा वाद त्याने मिटतो. पेयाचा दाटपणा घरी असा मोजा:

१. १० मिलिलिटरची, १० मिलिलिटरपर्यंतची पट्टी ६१.५ मिलिमीटर लांब असलेली सिरिंज घ्या. सुई नको, दट्ट्या काढून टाका.
२. खालचं भोक बोटाने दाबून १० च्या खुणेपर्यंत पेय भरा.
३. बोट काढा, १० सेकंद मोजा, पुन्हा बोट लावा.
४. उरलं किती ते बघा. १ पेक्षा कमी: साधं पाणी, पायरी ०. १ ते ४: पायरी १. ४ ते ८: पायरी २. ८ पेक्षा जास्त: पायरी ३. काहीच गळलं नाही तर पायरी ४, तिथे चमचा तिरपा करून बघावं. श्रीखंडासारखा गोळा एकदम पडला पाहिजे, चमच्याला चिकटून राहता कामा नये.

थेरपिस्टने सांगितलेली पायरी फ्रिजवर लिहून चिकटवा. दाट करण्यासाठी झँथन गमची पावडर औषधाच्या दुकानात मिळते. नाचणीची आंबील, तांदळाची पेज, फेटलेलं दही, गाळलेला आमरसही चालतो. पण पिठाने आलेला दाटपणा लाळेने मोडतो. तोंडातला चमचा पुन्हा पुन्हा वाटीत बुडवला की दहा मिनिटांत आंबील पाणी होते. म्हणून छोट्या वाटीत थोडं थोडं काढून द्या. आइस्क्रीम आणि जेली दिसायला मऊ, पण तोंडात विरघळून पाणीच होतात.

महाराष्ट्राच्या ताटातले चकवे ओळखा. पातळ आमटीत मोकळा भात म्हणजे घन आणि पातळ एकत्र. दात भाताला थांबतात, आमटी निघून जाते. त्याऐवजी गुरगुट्या भात, तूप आणि मेतकूट घालून नीट मळून एकजीव करा. साबुदाण्याची खिचडी चिकटते. पोहे, चुरमुरे, शेंगदाण्याची चटणी, कोरडी भाकरी भुगा होऊन पसरतात. घट्ट पिठलं चालेल, ताक पाण्यासारखंच धरा. मऊ बारीक तुकड्यांचं जेवण सांगितलं असेल तर मोठ्यांसाठी तुकडा ४ मिलिमीटरपर्यंत, साधारण काट्याच्या दोन दात्यांमधली फट.

घास छोटा असू द्या, लहान चमच्याएवढा. गिळून झाला का ते कंठमणी बघून ठरवा, मग एक कोरडा आवंढा, मग पुढचा घास. टीव्ही बंद, गप्पा नंतर. अर्ध्या तासात जेवण संपत नसेल तर थांबा आणि दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं द्या, कारण थकलेला घसा चुका करतो. दाट पेयं माणूस कमी पितो हे विसरू नका. लघवी गडद पिवळी होतेय का, आठवड्याला वजन किती, हे लिहून ठेवा.

तोंड स्वच्छ ठेवण्याबद्दल मी फार कटकट करते. लाळ सगळ्यांच्याच फुफ्फुसात थोडीफार जाते, न्यूमोनिया करतात ते तिच्यातले जंतू. दिवसातून दोन-तीनदा मऊ ब्रशने दात, जीभ, गालाचा आतला भाग पुसा. रात्री कवळी काढा. “नळीने जेवतात, मग दात कशाला घासायचे?” असं विचारणाऱ्यांना मी सांगते, त्यांनाच जास्त गरज आहे.

गोळ्या पाण्याबरोबर देण्याऐवजी दाट दह्यात किंवा कुस्करलेल्या केळ्यात द्या. दह्यात देण्याआधी किंवा कुटण्याआधी औषधवाल्याला विचारा. पाकिटावर एसआर, एक्सआर, सीआर असं लिहिलेल्या, म्हणजे औषध हळूहळू सोडणाऱ्या, किंवा आतड्यात विरघळणारं वेष्टण असलेल्या गोळ्या कुटल्या की मात्रा एकदम सुटते किंवा औषध वाया जातं. कंपवातात जेवण गोळीचा असर चढलेला असताना द्यावं.

व्यायाम आणि उपचार

व्यायाम ठरवून दिलेलेच करा. उताणं, उशीशिवाय झोपून खांदे न उचलता फक्त डोकं उचलायचं आणि पायाची बोटं बघायची: एक मिनिट धरायचं, एक मिनिट विश्रांती, असं तीनदा, मग तीस वेळा भराभर उचलायचं. दिवसातून तीनदा, सहा आठवडे. त्याने अन्ननलिकेचं वरचं तोंड चांगलं उघडतं. मानेचं दुखणं असेल तर टॉवेलची गुंडाळी हनुवटीखाली दाबायचा सोपा प्रकार आहे. ‘जोर लावून गिळा’ हाही व्यायामच. श्वास धरून गिळण्याच्या पद्धती हृदयरोग्यांनी विचारल्याशिवाय करू नयेत. घशाला विजेचे झटके देणाऱ्या यंत्राबद्दल विचारलंत, तर नुसत्या यंत्रावर पैसे घालू नका असंच मी सांगेन.

रेडिएशन चालू असताना दुखलं तरी थोडं थोडं तोंडाने गिळत राहणं फार मोलाचं आहे. वेदनेची औषधं मागून घ्या. तोंड उघडेनासं होत असेल तर आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून, आठवड्याला एकेक वाढवत ताण देतात.

अन्ननलिका अरुंद झाली असेल तर दुर्बिणीतून फुगा घालून ती रुंद करतात, पडदा असेल तर तोही तसाच फोडतात आणि लोहाच्या गोळ्या देतात. ॲकॅलेशियात खालच्या तोंडाचा स्नायू कापतात. २००८ मध्ये जपानच्या हारुहिरो इनोऊए यांनी हे काम पोटावर छेद न घेता तोंडातून दुर्बिणीने केलं. आता ते भारतातल्या मोठ्या केंद्रांतही होतं.

नळीचा प्रश्न

नाकातली नळी घालायची म्हटली की घरात रडारड होते, जणू सगळं संपलं. काही आठवड्यांपुरता तो पूल आहे असं समजा. पोटात पुरेसं गेलं नाही तर घसाही सुधारत नाही. नळीतून देताना डोक्याकडची बाजू निदान ३० अंश उंच हवी, नंतर अर्धा-पाऊण तास तशीच. नाकाशी नळीवर खूण करून ठेवा, खूण सरकलेली दिसली तर काही देऊ नका. नळी असूनही लाळ चुकीच्या वाटेने जाऊ शकते. महिन्याहून जास्त लागणार असेल तर पोटावरून जठरात घातलेली नळी रुग्णाला सुखाची. स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या टप्प्यात मात्र नळीने आयुष्य वाढतं असं दिसलेलं नाही. तिथे मनासारखे चार चमचे हाताने, सावकाश भरवणं हाही पूर्ण उपचारच आहे.

घास अडकून श्वासच बंद झाला तर

खोकता येतंय तोवर खोकू द्या. पाठ थोपटू नका, पाणी देऊ नका. आवाज बंद झाला, हात गळ्याकडे गेले, तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये पाच जोरदार थापा. सुटलं नाही तर मागून मिठी मारून बेंबीच्या वर मूठ ठेवून आत-वर पाच झटके. गरोदर बाई किंवा फार लठ्ठ माणूस असेल तर मूठ छातीच्या मधल्या हाडावर. एक वर्षाखालच्या बाळाला पोटावर झटके देत नाहीत, पाठीवर थापा आणि छातीवर दाब. बेशुद्ध पडला तर १०८ आणि छातीदाब. तोंडात दिसत नसलेल्या वस्तूसाठी बोट घालू नका.

साताऱ्याच्या काकांची सहाव्या आठवड्यात पुन्हा दुर्बीण झाली. पायरी ३ वरून पायरी १ वर आले. पुढे पंधरा दिवसांनी मी पाण्याचा पहिला चमचा दिला, आवाज स्वच्छ आला. तेवढ्यात काकू आतून कप घेऊन आल्या. आलं घालून केलेला, गाळलेला, साय काढलेला चहा. वाटीत ओतला, हनुवटी खाली, एक घोट. काका कपाळाला आठ्या घालून म्हणाले, “साखर कमी आहे.”